पाहुण्या गोलकीपरची आई

धुळ्याला पांझरेच्या काठी एक मैदान आहे. त्याचं कागदावरचं नाव कुणाच्या लक्षात नाही. फुटबॉलचा नाद असलेला सगळा खानदेश त्याला डबा मैदान म्हणतो. गोडेतेलाचे रिकामे डबे घेऊन माणसं मॅच बघायला येतात आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ते काठीने बडवत बसतात. पश्चिमेकडच्या गोलमागे एक जुनी दगडी भिंत आहे. जाळीपासून ती इतकी जवळ, की वर बसलेल्याने पाय लांब केला तर गोलकीपरच्या डोक्याला लागावा. त्या भिंतीवर जागा मिळावी म्हणून धुळ्याची माणसं दुकानं आणि घरचे पाहुणे वाऱ्यावर सोडून दुपारपासून येऊन बसतात.

पाहुण्या संघाच्या माणसांना समोरच्या गोलमागची, नाल्याकडची बाजू. तिथे ऊन थेट डोळ्यांत येतं, बुडाखाली काटे, आणि मागून नाल्याचा वास. पाणी प्यायचं तर नळ भिंतीच्या पलीकडे, म्हणजे प्यायचंच नाही. वरणगावचा झुलाल या बाजूला कित्येक वर्षं बसत आला होता आणि दर वेळी परत जाताना शपथ घेत होता, की पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. या माणसाच्या शपथेची किंमत काय, ते त्याची बायको इंदिराबाई सांगू शकेल. मॅचची तारीख लागली की हा आठ दिवस आधीपासून घरात नुसता घिरट्या घालत असे.

झुलाल मूळचा पारोळ्याकडचा. वरणगावच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून तिकडे गेला, तिथलाच झाला, रिटायर झाला. बोलणं मात्र अजून अहिराणीच. आयुष्यात त्याने कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण वरणगाव युनियन हा गावचा संघ जिथे खेळायला जाईल तिथे झुलाल जाणार, हे ठरलेलं. त्याच्याकडे एक कामही होतं. मॅचच्या आधी सगळ्या खेळाडूंचे फोन एका कापडी पिशवीत गोळा व्हायचे आणि ती पिशवी झुलालच्या गळ्यात पडायची. खेळताना पोरांचं लक्ष फोनमध्ये नको, आणि डबा मैदानावर वस्तू सांभाळायला माणूस खात्रीचा हवा. त्याचा स्वतःचा फोन मागे एकदा इथल्याच गर्दीत गेला होता. तेव्हापासून तो आपला फोन घरी ठेवून येई आणि दुसऱ्यांचे मात्र जिवापाड जपे.

या मैदानाचा एक रिवाज होता, आणि डब्यांपेक्षा पाहुण्यांना त्याचीच धास्ती जास्त. पाहुण्या गोलकीपरच्या आईचं नाव काढायचं. नुसती आईवरून शिवी नव्हे, ती कुठल्याही मैदानावर मिळते. इथे आधी चौकशी व्हायची. खानदेशात कुणाचा ना कुणाचा साडू, व्याही, मावसभाऊ सगळीकडे असतोच. त्याच्याकडून नाव काढायचं, घरची चार माणसं काढायची, आणि मग भिंतीवरून हाक घालायची. हाक घालणारा नूर महंमद. रिकाम्या डब्यांचा व्यापारी, साठीचा, पोट सुटलेला. पण गळा असा, की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करून बघेल. भुसावळला त्याचा साडू होता, त्यामुळे वरणगावची बित्तंबातमी त्याला घरबसल्या मिळे.

वरणगावचा गोलकीपर नईम. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, वेल्डिंगचं दुकान, लग्न ठरत आलेलं. त्याच्या आईचं नाव अमिनाबी. पहिल्या वर्षी नईमने इथे तीन गोल खाल्ले तेव्हा नूर महंमदने भिंतीवर उभं राहून हाक दिली होती, की अमिनाबी, आज चूल पेटवू नका, पोरगा इथेच पोटभर खाऊन येतोय. सगळं मैदान हसलं. डबे दणाणले. नाल्याकडच्या बाजूला झुलालच्या अंगाची लाही लाही झाली. घरी गेल्यावर आईला हे कळू द्यायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं, आणि अर्थात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते तिला कळलं.

अमिनाबी रागावली नाही. ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्या दिवसापासून धुळ्याहून मॅच खेळून आला की नईमला तिचा पहिला प्रश्न तोच, "आज मेरे को क्या बोले?" नईम नक्कल करून दाखवायचा आणि ती डोळ्यांतून पाणी येईतो हसायची. धुळं तिने कधी पाहिलं नव्हतं. पण तिथल्या भिंतीवरच्या दोन-तीनशे माणसांना आपलं नाव पाठ आहे, याचं तिला मनातून कौतुक होतं. हे झुलालला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते हसणं तिच्या स्वभावाचं म्हणून त्याने सोडून दिलं आणि धुळ्याच्या माणसांबद्दलची अढी मनात तशीच ठेवली.

या वर्षी सेमीफायनल पुन्हा डबा मैदानावर आली. डिसेंबरचे दिवस. आठवडाभर अमिनाबीला ताप होता, छातीत कफ होता, डॉक्टरांचं औषध चालू होतं. नईमचा पाय निघत नव्हता. तो नाही म्हणायला झुलालकडे आला, झुलालने त्याला हो-ना काहीच म्हटलं नाही, आणि दोघं मिळून तिच्याकडे गेले. ती बाजेवर बसून होती. म्हणाली, "जा रे. तू नहीं गया तो वो लोग किसका नाम लेंगे?" सगळे हसले. सकाळी गाडी निघाली तेव्हा नईमची बहीण अरिबा दारात होती, अम्मीने थोडी पेज घेतली म्हणून सांगत होती.

मैदानावर फोन गोळा करताना झुलालने नेहमीप्रमाणे एकेक बंद करून पिशवीत टाकला. नईमने आपला फोन त्याच्या हातात देताना म्हटलं, "काका, माझा चालू ठेवा. अम्मीचं काही असलं तर मला सांगा." झुलाल म्हणाला, सांगतो. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पोरं मैदानात उतरून अंग मोकळं करत होती, तेव्हा फोन वाजला.

अरिबाने त्याचा आवाज ओळखला. "काका, अम्मी गई," ती म्हणाली. मग तिला पुढे बोलता येईना. हळूहळू जे सांगितलं ते असं. सकाळची पेज घेऊन अम्मी पडून राहिली होती, दुपारी उठवायला गेले तर संपलेलं होतं. मामू आले होते. मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतानाच्या नमाजनंतर मय्यत न्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. नईम आत्ता, या घटकेला निघाला तर पोचेल, आईचं तोंड पाहील, खांदा देईल. मुलगा एकच. "उसको अभी भेजो काका," ती म्हणाली, आणि झुलाल म्हणाला, भेजता हूँ.

तो निघाला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पिशवी छातीशी धरून तो दोरीच्या कडेने थेट भिंतीकडच्या गोलपर्यंत गेला. नईम त्या गोलमध्ये उभा राहून सरावाचे चेंडू अडवत होता. झुलाल दहा पावलांवर आला आणि वर नूर महंमद उठून उभा राहिला. डबे थांबले. मैदानाला माहीत होतं आता काय येणार ते.

"अमिनाबी, चूल नका पेटाडू! पोऱ्या आज आठेच पोट भरीसन खाई!"

भिंत हसली, डबे कडाडले, नईमही हसला. त्याने वर पाहून हात हलवला. आणि झुलालचे पाय तिथेच रुतले.

त्याच्या डोळ्यांपुढे आलं, की आपण आता दोन शब्द बोलणार आणि हा पोरगा इथेच, या भिंतीखाली, मटकन बसणार. हे लोक वरून बघणार. जी मेली तिचंच नाव घेऊन हे डबे वाजवणार. हा रडत मैदानाबाहेर जाईल तेव्हा पळाला म्हणून ओरडणार, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक मॅचला तेच काढणार. अमिनाबीच्या मरणाचा इथे तमाशा होईल. झुलालला हे अगदी खरं वाटलं. इथे नको, हाफटाइमला सांगू. बाजूला घेऊन, नाल्याकडे, आपल्या माणसांत सांगू.

एवढाच विचार त्याच्या मनात आला असता तर त्याला बोल लावणं जड गेलं असतं. पण त्यामागे आणखी एक विचार होता, लहानसा, आणि तो झुलालने स्वतःला नीट दिसू दिला नाही. वरणगाव युनियन या मैदानावर कधीच जिंकली नव्हती. नईमच्या जागी उभा राहायचा तो जगदीश, आणि जगदीशच्या हातून चेंडू असा निसटे, जसा न्हाणीतला साबण. माणूस मोठ्या भीतीच्या आडोशाला आपला लहान स्वार्थ किती सहज लपवतो, हे बघायचं असेल तर त्या घटकेचा झुलाल बघावा.

तो नाल्याकडे परत येऊन बसला. मॅच सुरू झाली. पहिल्या हाफमध्ये बाजू वाटून आल्या त्यात नईम नाल्याकडच्या गोलमध्ये आला, म्हणजे झुलालच्या अगदी पुढ्यात. त्याची पाठ झुलालला दिसत होती. पिशवीत फोन पुन्हा थरथरला. झुलालने तो बाहेर काढला, अरिबाचं नाव पाहिलं. काय सांगणार होता तिला? निघाला म्हणून खोटं सांगावं तर जीभ रेटेना, निघाला नाही म्हणून खरं सांगण्याची छाती होईना. त्याने बटण दाबून धरलं आणि फोन बंद केला. मग आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून.

नईम त्या दिवशी असा खेळला, की वरणगावच्या माणसांनी पुढेही त्याचं नाव काढलं असतं. एकदा तर हवेत आडवा होऊन त्याने बोटांच्या टोकाने चेंडू काढला, तेव्हा पलीकडच्या भिंतीवरूनसुद्धा क्षणभर वाहवा आली. हाफटाइमच्या जरा आधी वरणगावने गोल केला. नाल्याकडची मूठभर माणसं उड्या मारत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. झुलालच्याही गळ्यात कुणीतरी पडलं. त्याला आनंद झाला, हेच वाईट. खरोखरचा आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी हाताला पिशवी लागली.

हाफटाइमला नईम घामाने निथळत त्याच्याकडे आला, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि हसत म्हणाला, "काका, आज अम्मीला सांगायला मजा येईल." मग विचारलं, फोन आला होता का. झुलालने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सांगायचे शब्द ओठांवर आले होते, अगदी ओठांवर. तो म्हणाला, "नही."

आता यातून मागे फिरायला वाटच राहिली नाही. एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला जी छाती लागते ती झुलालकडे नव्हती. शिट्टी झाली आणि नईम मैदान ओलांडून भिंतीकडच्या गोलमध्ये गेला.

दुसरा हाफ सुरू झाला आणि झुलालला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं. डबे वाजत नव्हते. आधी त्याला बरं वाटलं. गोल बसला म्हणून जिरली यांची, असं शेजारचा म्हणाला, आणि झुलालने मान हलवली. पण तिकडे भिंतीवर माणसं तर तशीच दाटीने बसलेली होती. ती फक्त गप्प होती. काहींनी डबे उपडे करून पायांशी ठेवले होते. मग एकेकाने खिशातून रुमाल काढून, मय्यतीला बांधतात तसा, डोक्याला बांधायला सुरुवात केली. त्या भिंतीवर सगळ्या जातीची माणसं असत. पण रुमाल एकाने बांधला तसा शेजारच्यानेही बांधला.

तेव्हा झुलालला कळलं. नूर महंमदचा भुसावळचा साडू. जो वर्षानुवर्षं वरणगावच्या बातम्या पुरवत होता, त्याने आजचीही पुरवली होती.

नईम गोलमध्ये उभा होता. चेंडू लांब होता. त्याने मागे वळून वर पाहिलं. बहुधा चेष्टेने काही विचारलं असावं, कारण तो हसत होता. भिंतीवरून कुणी उत्तर दिलं नाही. त्याने डोक्यांवरचे रुमाल पाहिले. त्याचं हसू विरत गेलेलं झुलालला एवढ्या लांबूनही दिसलं. नूर महंमद भिंतीवरून खाली उतरला. पोट सुटलेला माणूस, उतरताना एकाने हात दिला. तो जाळीपाशी आला, आणि ज्याचा आवाज नदीपार जात असे तो माणूस काहीतरी इतकं हळू बोलला, की नईमला पुढे वाकावं लागलं.

नंतर कळलं, तो इतकंच म्हणाला होता, "बेटा, तू घर जा." नईमने विचारलं, कोण. आणि इतकी वर्षं जे नाव तो भिंतीवरून ओरडत आला होता, ते त्या घटकेला नूर महंमदच्या तोंडून फुटेना.

नईमने मैदानाच्या पलीकडे झुलालकडे पाहिलं. मग तो चालायला लागला. मॅच चालूच होती. धुळ्याचा एक पोरगा चेंडू घेऊन मोकळ्या गोलकडे येत होता. त्याने गोल पाहिला, नईमला पाहिलं, आणि चेंडू पायाखाली दाबून उभा राहिला. पंचाने शिट्टी वाजवली. नईम सरळ मैदानाच्या मधून चालत आला आणि झुलालसमोर येऊन त्याने हात पुढे केला. झुलालने फोन दिला. तो बंद आहे हे नईमने पाहिलं. बटण दाबलं आणि वाट बघत राहिला.

नूर महंमदने आपली पिकअप दोरीपर्यंत आणली. मागे रिकामे डबे भरलेले होते, ते पोरांनी तिथेच उतरवले. पुढे तिघांपुरती जागा. नूर महंमद चालवायला, मधे नईम, आणि फोनांची पिशवी शेजारच्याच्या हवाली करून दाराशी झुलाल. भिंतीवरची माणसं रस्त्यापर्यंत आली होती. कुणी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली, कुणी नईमच्या खांद्यावर शाल टाकली. त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची झुलालला सोय उरली नव्हती.

गाडी हायवेला लागली. नूर महंमद जिवाच्या आकांताने चालवत होता. नईमचा फोन चालू झाला, अरिबाचे राहून गेलेले फोन एकामागून एक दिसायला लागले. त्याने तिला लावला. ती उचलेना, घरात बायकांच्या रडण्यात तिला ऐकू कुठून येणार. मामूंचा फोन लागेना, शेजारपाजारच्या कुणी उचलेना. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, ऊन उतरत होतं. झुलाल मनातल्या मनात सूर्याला थोपवत होता. पद्मालयाच्या गणपतीला त्याने नवस बोलला, आणि बोलताना त्याचीच त्याला लाज वाटली.

जळगाव ओलांडताना मगरिबची अजान झाली. नशिराबादच्या पुढे मामूंचा फोन आला. नईमने ऐकून घेतलं. हां, हां म्हणत राहिला. मग फोन मांडीवर ठेवून म्हणाला, गाडी बाजूला घ्या.

जनाजा निघाला होता. मामू सांगत होते, तुझा फोन दुपारपासून बंद, तू निघालास की नाही ते कुणालाच कळेना. रस्त्यात आहेस असं नुसतं कळलं असतं तरी ईशापर्यंत, रात्रीच्या नमाजपर्यंत थांबलो असतो. आता नमाज झाली, कब्रस्तानात पोचलो.

केळीच्या बागेच्या कडेला गाडी उभी राहिली. नईम खाली उतरला, चार पावलं गेला, आणि बांधावर बसला. रडत नव्हता. झुलाल त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. नूर महंमदही आला.

"फोन कधी आला होता, काका?" नईमने विचारलं.

"मॅचना पहिले."

नईमने मान हलवली. हिशोब त्याचा त्यालाच लागला असावा. झुलाल बोलायला लागला आणि मग त्याला थांबता येईना. तो म्हणाला, तुला सांगायला गोलपर्यंत आलो होतो, अगदी जवळ आलो होतो. "माले वाटनं, तुले रडता देखीसन त्या लोके हासतीन. तुन्या मायना नाववर डबा वाजाडतीन." हे बोलताना आपण कुणाच्या समोर बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर बोलून झालं होतं.

नूर महंमदने खाली मान घातली. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "त्यासनी चूक नही, बेटा," तो म्हणाला. "इतला वरीस आम्हीनच तसं वागनूत. त्यासले दुसरं काय वाटी?"

आपल्यावरचं ओझं दुसरं कुणी उचलतंय म्हटल्यावर झुलालला बरं वाटायला हवं होतं. पण हाफटाइमचा तो "नही" त्याच्या छातीत अडकून राहिला होता, आणि त्याचं खापर धुळ्याच्या कुठल्याच माणसावर फोडता येत नव्हतं. त्या वेळी तिथे भिंत नव्हती, डबे नव्हते. नाल्याकडे फक्त तो आणि नईम होते.

नईम नूर महंमदला म्हणाला, "चाचा, तुम्ही नाव घ्यायचे तर अम्मी हसायची. खूप हसायची." नूर महंमदला ते माहीत नव्हतं. तो तोंडावर रुमाल धरून गाडीकडे वळला. नईम उठला. झुलालकडे न बघता म्हणाला, "मी फोन चालू ठेवा म्हटलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता.

वरणगावच्या कब्रस्तानात पोचले तेव्हा अंधारलं होतं. माणसं पांगत होती. नईमला येताना बघून ती बाजूला झाली, कुणी त्याला छातीशी धरलं, कुणी पाठीवर हात ठेवला. मामू थांबलेले होते. मातीचा ओला ढीग होता, त्यावर कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला. आईचं तोंड त्या मातीखाली गेलेलं होतं, आणि ते आता कुणी कितीही कळवळलं तरी दिसणार नव्हतं. नईम खाली बसला. दोन्ही हात भरून त्याने माती टाकली, मग पुन्हा, मग पुन्हा. शेवटच्या वेळी हात मातीवरच ठेवून राहिला आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.

नूर महंमदने माती दिली. या बाईला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ ओठ हलवत उभा राहिला.

मग झुलाल पुढे झाला. अमिनाबीच्या घरी ईदचा शिरखुर्मा त्याने किती वर्षं खाल्ला, याची गणती नव्हती. तिच्या नवऱ्याला याच कब्रस्तानात माती देताना तो होता. कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता. त्याने वाकून मूठभर माती उचलली आणि हात पुढे केला.

नईमने बसल्या जागेवरून त्याचं मनगट धरलं. जोराने नाही. वडीलधाऱ्या माणसाचा हात धरावा तसंच.

"तुम्ही नको, काका."

मामूंनी दुसरीकडे पाहिलं. नईमने हात सोडला आणि पुन्हा मातीकडे वळला. झुलाल एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि माणसांच्या मागे जाऊन उभा राहिला. मुठीत माती तशीच होती. ती तिथे खाली टाकली तर चालतं की नाही, ते त्याला माहीत नव्हतं, आणि विचारावं असं आता तिथे त्याचं कुणी उरलं नव्हतं.